आंधळ्या खाणीचा शेवटचा दगड

१

मोजणीदार नाहीसे झाले, तेव्हा ते कुठे गेले हे सांगू शकेल अशी एकच वस्तू मागे उरली होती, आणि ती माझ्या काचेच्या कपाटात होती.

फौजदार सकाळीच प्रयोगशाळेत आले आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "बाई, तुमच्याकडे त्या म्हाताऱ्याचा दगड आहे म्हणे."

"म्हातारा काय म्हणता? मोजणीदार म्हणा," मी म्हणाले. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा मान राखतात, मग ते हरवलेलं का असेना.

माझं काम खनिजं तपासण्याचं. लोक दगड आणतात, त्यात काय आहे ते मी सांगते. बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि तेही सांगावं लागतं. माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा 'काही नाही' ऐकून गेलेला माणूस म्हणजे मोजणीदार. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर आंधळी खाण शोधायला निघाले.

आंधळ्या खाणीची गोष्ट आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. डोंगरात कुठेतरी सोन्याची खाण होती. कामगारांना डोळे बांधून नेत आणि डोळे बांधूनच परत आणत. एके वर्षी डोंगर खचला. आत होते ते आत राहिले, आणि बाहेर होते त्यांना वाट सांगता येईना. आपल्या आजोबांचे आजोबा त्या कामगारांत होते असं इथे प्रत्येकाला वाटतं. मी या गोष्टीवर कधी विश्वास ठेवला नाही. पण मोजणीदारांच्या दगडांत मधूनमधून चिमूटभर सोनं निघायचं, आणि मग मला गप्प बसावं लागायचं.

शेवटच्या दगडात मात्र चिमूटभर नव्हतं. इतकं होतं की मी सगळी तपासणी पुन्हा केली. अहवाल हातात पडताच मोजणीदारांनी दोर, कंदील आणि थोडं खाणं घेतलं आणि घर सोडलं. जीपवाल्याने त्यांना डोंगराखालच्या फाट्यावर उतरवलं. तिथून एक वाट उत्तरेच्या डोंगरावर जाते, दुसरी दक्षिणेच्या. ते कुठल्या वाटेला लागले हे त्याने पाहिलं नाही, कारण तोवर त्याने जीप वळवली होती. मोजणीदारांनी कुणाला सोबत नेलं नाही की कुणाला काही सांगितलं नाही. खाण सापडली असं वाटलं की माणसं अशीच वागत असावीत.

"माझ्याकडे माणसं मोजकी," फौजदार म्हणाले. "दोन्ही डोंगर एकदम पालथे घालता येणार नाहीत. वर थंडी मरणाची आहे. दगड कुठल्या डोंगरातला तेवढं सांगा."

हे जमण्यासारखं होतं. उत्तरेच्या डोंगरातल्या गारगोटीत अँटिमनी असतं, दक्षिणेच्या गारगोटीत बिस्मथ. ही दोन धातूंची नावं. ती विसरलात तरी चालेल, फक्त डोंगर वेगळे की धातू वेगळा एवढं लक्षात ठेवा. मी कपाटातून तुकडा काढला. चांगला भेगाळलेला होता, एका बाजूला खरवडल्यासारखा. त्याची कपची काढून यंत्रात घातली. अँटिमनी निघालं.

"उत्तर," मी म्हणाले, आणि फौजदार फोन लावत बाहेर धावले.

तुकडा परत ठेवण्याआधी मी तो सहज भिंगाखाली धरला आणि तशीच उभी राहिले. खाणीतलं सोनं दगडात रुजलेलं असतं. हे सोनं भेगेत नुसतं बसवलेलं होतं, आणि पेन्सिलीला टोक करताना साल निघतं तसे त्याचे कण वळलेले होते. कुणीतरी सोनं कानशीने घासून त्या भेगेत भरलं होतं.

२

"म्हणजे खाण नाहीच?" फौजदारांनी विचारलं.

"खाणीचं मला माहीत नाही. या दगडातलं सोनं या दगडाचं नाही, एवढं नक्की."

"म्हणजे कुणीतरी त्यांना गंडवून डोंगरात पाठवलं." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि हे तुम्हाला आत्ता कळतंय?"

प्रश्न रास्त होता, म्हणून जास्त झोंबला. आमच्याकडे दगड आला की नमुन्याचा तुकडा काढून ठेवतात आणि बाकीच्याची पूड करतात. अर्धी पूड पाकिटात घालून राखून ठेवायची. उरलेली शिशाबरोबर भट्टीत वितळवायची आणि तो गोळा हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचा. ती वाटी शिसं पिते, तांबं पिते, आणि शेवटी तळाशी उरतो सोन्याचांदीचा मणी. तो आम्लात टाकला की चांदी विरघळते. उरलेल्या सोन्याचं वजन करायचं आणि आकडा लिहायचा. गिऱ्हाईक विचारतं, सोनं किती? ते सोनं कुठलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. दागिन्यातलं तांबं राखेच्या वाटीने पिऊन टाकलं की दागिना काय आणि खाण काय, आम्हाला दोन्ही सारखेच. आमचा अख्खा धंदा आंधळ्या खाणीपेक्षा फार डोळस आहे असं नाही.

आम्ही मोजणीदारांच्या घरी गेलो. घराच्या मागे, कुंपणाला लागून, तपासणीला न निवडलेल्या दगडांचा ढीग माणसाच्या छातीपर्यंत आला होता. दार मुलाने उघडलं. त्याची दाढी वाढलेली आणि शर्ट चुरगळलेला होता.

"मॅडम, दगड मीच तर आणून द्यायचो तुमच्याकडे," तो म्हणाला. "ऑफिसच्या वाटेवर पडते तुमची लॅब."

"दगड घरात आल्यापासून काय काय व्हायचं ते सांग," मी म्हणाले.

"बाबा पोतंभर आणायचे, त्यातला एक निवडायचे. प्रत्येक दगडाला खालच्या अंगाला पांढऱ्या रंगाने नंबर. नंबर नसलेला दगड त्यांना चालायचाच नाही, मोजणी खात्यातली सवय. कुठला नंबर कुठल्या जागेचा, ते फक्त त्यांच्या डोक्यात. निवडलेला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचे. संध्याकाळी सोनारकाका येऊन बघून जायचे, बाबांचे दोस्त आहेत ते. मग फडक्यात बांधून तिथेच. सकाळी मी उचलायचो."

"फडकं कोण बांधायचं?"

"आई. बाबांना गाठ मारता येते कुठे?"

फौजदारांनी खाकरून विचारलं, "हे घर तुम्हाला विकायचं होतं म्हणे. वडील सही करत नव्हते."

मुलगा लाल झाला. "हो, विकायचं होतं! हे घर आहे का? दगडांचं गोदाम आहे. पण म्हणून मी माझ्या बापाला मरायला पाठवीन?" शेवटच्या शब्दांना त्याचा आवाज फाटला आणि तो खिडकीकडे वळला.

मोजणीदारांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली दगड सरकवलेला होता. त्या घरात दाराला अडकण म्हणून लाकडाचा तुकडा थोडाच सापडणार होता! काकूंनी चहा दिला. स्वतः बिस्कीट चहात पार मऊ होईपर्यंत बुडवून एकाच बाजूने चघळत होत्या, आणि बोलताना हात तोंडासमोर धरत होत्या. रडू लपवत असतील असं मला वाटलं.

"बाई, सापडतील ना हो हे?"

"उत्तरेला माणसं गेलीत, काकू."

"यांना पायमोजे दोन जोड दिले होते मी," त्या म्हणाल्या. "एक जोड इथेच विसरून गेले."

भिंतीवर दोघांचा तरुणपणीचा फोटो होता. मोजणीदार काठी गिळल्यासारखे ताठ बसलेले, आणि शेजारी काकू तोंडभर हसताहेत. ओठांच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका चमकत होता. फोटोवाल्याच्या दिव्याचा असेल म्हणून मी नजर काढून घेतली.

निघताना मुलगा फाटकापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "एक सांगू? बाबा गेल्याचं कळल्यापासून सोनारकाकांनी दुकान उघडलेलं नाही."

३

सोनाराच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत, दिवा न लावता, म्हातारा गल्ल्यापाशी बसला होता. फौजदारांना पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी काही केलं नाही, साहेब. नाही, केलं. बोललो नाही, तेच केलं."

"काय बोलला नाहीत?" मी विचारलं.

"त्यांचा प्रत्येक दगड मी संध्याकाळी भिंगाने बघायचो, बाई. कोरडा असायचा. ठणठणीत कोरडा. मी काही म्हणायचो नाही, दोस्ताचा हिरमोड कशाला करायचा? आणि त्यातलाच एखादा सकाळी तुमच्याकडे गेला की त्यात सोनं! मला वाटलं, संपलं, माझे डोळे गेले. सोनाराचे डोळे गेले हे गावात कळलं तर माझ्या दुकानात कुत्रं येणार नाही. म्हणून गप्प राहिलो. शेवटचा दगड तर धुतलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत, मी तीनतीनदा फिरवून पाहिला, आणि तुमचा आकडा आला तो हा एवढा! त्या दिवसापासून मी कामाला हात लावलेला नाही."

मी कपाटातला तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि क्षणभरात त्याचा चेहरा बदलला. आपले डोळे शाबूत आहेत हे त्याला कळलं होतं.

"हा तर कीस आहे," तो म्हणाला. "कानशीचा कीस! आणि माझ्या कानशीचा नाही हं. माझी कानस बारीक, तिचा कीस पिठासारखा पडतो. ही जाड आहे. सुरी-विळीला धार लावतात ना, तसली." मग एकदम भिंग खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे त्यांना कुणीतरी फसवत होतं? इतकी वर्षं?"

बाहेर आल्यावर फौजदार म्हणाले, "संध्याकाळी कोरडा, सकाळी सोन्याचा. म्हणजे जे झालं ते त्या घरात झालं. मुलगा किंवा आई."

"मुलगा," ते स्वतःच पुढे म्हणाले. "आईला काय मिळणार आहे?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. उत्तरेच्या डोंगरावर गेलेल्यांनी खालचा सगळा उतार शोधला होता. माणूस तर सोडाच, पावलाचा ठसाही सापडला नव्हता.

४

प्रयोगशाळेच्या तळघरात राखीव पुडींची पाकिटं असतात. पुढे कधी वाद झाला तर तपासायला म्हणून ठेवायची. असा वाद आजवर कधी झाला नव्हता, त्यामुळे त्यांच्यावरची धूळ माझ्या वयाची होती. मी मोजणीदारांची पाकिटं वर आणली, पूड पाण्यात खळबळवून सोन्याचे कण वेगळे केले आणि या वेळी राखेच्या वाटीच्या नादी न लागता ते तसेच यंत्रात घातले.

सगळ्यात जुन्या पाकिटांत सोन्याबरोबर तांबं आणि थोडी चांदी होती. ते दागिन्यांचं प्रमाण होतं. बरीच वर्षं तेच प्रमाण, म्हणजे एकच दागिना, थोडा थोडा करून घासलेला. मग मध्येच तांबं वाढलं आणि काही पाकिटं तसंच राहिलं. पहिला दागिना संपला होता आणि दुसरा सुरू झाला होता. गंडवणारा एकदाच भरपूर भरून मोकळा होतो. हे सोनं कुणीतरी फार जपून वापरलं होतं.

फौजदार टेबलाच्या कडेवर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना घाई होती आणि त्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्याही हातात यंत्राचं बटण सोडून काही नव्हतं.

शेवटच्या पाकिटातलं प्रमाण आल्यावर मी खुर्ची मागे सरकवली. तांबं, चांदी आणि शिवाय पॅलेडियम नावाचा धातू.

मला त्या दिवशीचं आम्ल आठवलं. शेवटच्या दगडाचा मणी टाकल्यावर आम्लाला कोऱ्या चहासारखा रंग आला होता. बाटली घाणेरडी आहे म्हणून मी भांडारवाल्याला चार शब्द सुनावले होते. बाटली स्वच्छ होती. पॅलेडियम विरघळलं की तसाच रंग येतो.

"म्हणजे काय?" फौजदार वैतागून म्हणाले. "हा कुठला दागिना?"

"हा दागिना नाही. दागिन्याच्या सोन्यात इकडे कुणी पॅलेडियम घालत नाही. ते घालतात चावायला टिकावं म्हणून."

"चावायला?"

मला भिंतीवरचा फोटो दिसत होता, आणि मऊ केलेलं बिस्कीट, आणि तोंडासमोरचा हात.

"सोन्याचा दात आहे हा," मी म्हणाले.

५

काकू स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. मुलगा दारात उभा राहिला.

मी बसले नाही. "काकू, दात कधी पडला?"

त्यांचा हात तोंडाकडे गेला. मग तो आपणहून खाली आला, आणि वरच्या दातांमधली मोकळी जागा मला दिसली.

"हलत होता," त्या म्हणाल्या. "दोरा बांधून ओढला. यांना सांगितलं नाही. यांनीच बसवून दिला होता ना तो, नवीन नोकरी लागली तेव्हा. मी हसले की लोकांना दिसला पाहिजे म्हणायचे."

"त्याआधी बांगड्या?"

"बांगड्या. मग अंगठी. एकदम नाही हो, थोडं थोडं. सुरीची कानस आहे ना घरात."

"आई, तू?" मुलगा म्हणाला. "तू बाबांना फसवत होतीस?"

"तुला काय माहीत रे? तू सकाळी जातोस तो संध्याकाळी उगवतोस." काकूंनी फडकं टेबलावर टाकलं. "बाई, तुमच्याकडून 'काही नाही' असा कागद आला की हे भिंतीकडे तोंड करून निजायचे. खाणं नाही, बोलणं नाही, नुसती पाठ. मी त्या पाठीशी बोलायचे. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. एकदा तर मला वाटलं, हे आता उठतच नाहीत. म्हणून पुढच्या दगडाला मी थोडं लावलं. तुमचा कागद आला, थोडं आहे म्हणून. हे उठले. दाढी केली. चहा मागितला. चहा मागितला हो, बाई!"

इतकी वर्षं मी चहा मागण्याइतकं सोनं मोजत होते आणि मला पत्ता नव्हता.

"मग या वेळी इतकं का?" फौजदारांनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

"गुडघे गेलेत यांचे. हा शेवटचा दगड, म्हणाले. शेवटचा 'नाही' आला असता तर कायमचे भिंतीकडे वळले असते. माझ्याकडे तरी काय उरलं होतं? दात होता. मी अख्खा घातला. म्हटलं, एकदा भरपूर निघू दे. सापडली म्हणतील, चार लोकांना सांगतील आणि घरी बसतील." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "सापडल्यावर माणूस घरी बसतो ना हो?"

मी दगडाबद्दल बोलले. माझं तसंच होतं. "भेगा खोल होत्या, म्हणून एवढं मावलं."

"यांच्या दगडाला भेग कुठे होती?" काकू म्हणाल्या. "गुळगुळीत गोटा होता तो. त्याला काही धरेना. मग मी मागच्या ढिगातला एक भेगाळलेला घेतला, त्याचा जुना नंबर खरवडून काढला आणि फडक्यात तो बांधला."

सोनाराने सांगितलं होतं, गुळगुळीत. त्याने ते जिच्यासमोर सांगितलं ती मी, भेगाळलेला तुकडा हातात घेऊन उभी होते. मी फौजदारांना उत्तर दिलं होतं ते बरोबरच होतं. फक्त ते दुसऱ्याच दगडाचं होतं.

६

"त्यांचा दगड कुठाय?" फौजदार जवळजवळ ओरडले.

"ढिगात टाकला असता तर यांना दिसला असता. ढिगातला एकूणएक दगड ओळखतात हे. म्हणून जिथे यांचं लक्ष जाणार नाही तिथे ठेवला." काकूंनी दाराकडे बोट केलं. "घरात काय कुठे असतं ते यांना कधी दिसलंय?"

मुलगा खाली वाकला. दाराखालचा दगड त्याने उचलून उलटा केला. गुळगुळीत गोटा, आणि तळाला पांढऱ्या रंगात मोजणीदारांचा ठसठशीत नंबर. दार धाडकन आपटलं.

मी चहा प्यायले होते तेव्हा तो माझ्या पायापासून हातभर अंतरावर होता.

पुढचं सगळं धावपळीत झालं. गोट्याची कपची यंत्रात गेली आणि बिस्मथ निघालं. मी "दक्षिण" म्हणाले, तेव्हा फौजदार आधीसारखे धावले नाहीत. त्यांनी एकदा डोळे मिटले आणि मग फोन लावला. उत्तरेच्या डोंगरावरची दमलेली माणसं खाली उतरवायची, फाट्यापर्यंत आणायची आणि दुसऱ्या डोंगरावर चढवायची. मी खिडकीत उभी राहून दोन्ही डोंगरांकडे आळीपाळीने बघत होते. त्याने काही होणार नव्हतं.

मोजणीदार दक्षिणेच्या डोंगरावर सापडले, एका जुन्या खड्ड्याच्या तळाशी. दोर कमी पडला होता. आयुष्यभर जमीन मोजलेल्या माणसाचा अंदाज खोलीच्या बाबतीत चुकला. पाय मोडला होता, अंग बर्फासारखं गार, पण धुगधुगी होती. हातात दगडांनी भरलेली पिशवी होती आणि ती सोडवून घ्यायला दोन माणसं लागली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते फौजदारांशी. "ही परीक्षकबाईंकडे द्या."

शोधायला गेलेल्यांपैकी एक जण मला म्हणाला, "आधी तिकडेच गेलो असतो तर." तो मला दोष देत नव्हता, आधी 'उत्तर' मीच म्हणाले होते हे त्याला माहीतही नव्हतं.

७

पिशवी तपासायच्या दिवशी काकू प्रयोगशाळेत आल्या. मी नको म्हणाले तरी बाकावर बसून राहिल्या. त्या दगडांची मी स्वतः पूड केली, स्वतः भट्टी लावली. सोनं निघावंच अशी माझी कधी इच्छा नसते, परीक्षकाने तशी ठेवूच नये. त्या दिवशी होती.

राखेच्या वाटीने शिसं पिऊन टाकलं. तळ कोरडा होता.

काकू उठून आल्या आणि वाटीत डोकावल्या. मग त्यांनी माझ्या हातातल्या बांगडीकडे पाहिलं. काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. मी हात टेबलाखाली घेतला. अहवालावर जे होतं तेच लिहिलं आणि सही केली. मला दुसरं काही लिहिता येत नाही, आणि हे मी अभिमानाने सांगत नाहीये.

इस्पितळाच्या खोलीबाहेर डॉक्टर म्हणाल्या, "आम्ही करायचं ते केलं. आता खायला लागले तर वाचतील. अजून घासभरही घेतलेलं नाही. म्हणतात, कागद येऊ दे."

आत मुलगा उशाशी उभा होता. स्टुलावर पेज झाकून ठेवली होती. मोजणीदार अर्धे झाले होते.

"आला?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत काकूंनी माझ्या हातातून कागद घेतला. "तुमचा वाचायचा चष्मा फुटलाय. मी वाचते." त्या पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीच्या उजेडात गेल्या आणि कागद दोन्ही हातांनी धरला. "सोनं आहे म्हणतायत. भरपूर आहे. मागच्यापेक्षाही जास्त."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

मोजणीदार कागदाकडे बघत नव्हते. जवळचं त्यांना दिसत नसे, पण लांबचं त्यांना आयुष्यभर स्वच्छ दिसत आलं होतं. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते. तिचे दोन्ही हात गुंतले होते.

"सापडली म्हणायची मग खाण," ते म्हणाले.

"सापडली की."

"मग हस की गं."

काकू ओठ मिटून हसल्या.

"असं नाही. फोटोत हसलीस तसं."

काकूंनी कागद तोंडापर्यंत उचलला, पण त्यांना उशीर झाला होता. मोजणीदार त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांची नजर तिच्या मनगटांवर आली, बोटांवर आली. मोजमाप करायला त्यांना वेळ लागत नसे.

"बरं," ते म्हणाले. "मोठी खाण होती म्हणजे."

मोडक्या पायाला सांभाळत, मुलाची मदत न घेता, ते सावकाश कुशीवर झाले आणि भिंतीकडे वळले.

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि त्या पाठीला वाचून दाखवू लागल्या, एवढं सोनं, तेवढं सोनं, आणि अजून खाली गेलं तर आणखी निघेल म्हणतायत बाई, ऐकताय ना. त्यांचा आवाज चढत गेला. त्यातला एकही आकडा त्या कागदावर नव्हता.

मुलाने पेजेवरचं झाकण काढलं आणि परत घातलं.